‘नियंत्रण रेषा’ की ‘प्रत्यक्ष नियंत्रण रेषा’?

प्रश्न असा आहे: लडाखच्या बातम्यांत कधी ‘नियंत्रण रेषा’ येतं, कधी ‘प्रत्यक्ष नियंत्रण रेषा’. ‘प्रत्यक्ष’ गाळला तर चालतो का?

नाही चालत. तो गाळला की थेट शेजारी देशच बदलतो. नुसती ‘नियंत्रण रेषा’ पाकिस्तानबरोबरची. 1949ची युद्धबंदी रेषा 1971च्या युद्धानंतर थोडी बदलली आणि 1972च्या सिमला कराराने तिला हे नाव मिळालं. दोन्ही सैन्यांनी ती नकाशांवर आखून त्यावर सह्या केल्या. उरी, पूंछ, कारगिल इथली रेषा ती हीच.

‘प्रत्यक्ष’वाली रेषा चीनबरोबरची, आणि तिची खरी गोम अशी की तिच्या सबंध लांबीचा दोघांना मान्य असलेला नकाशाच नाही. 7 नोव्हेंबर 1959च्या पत्रात चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी नेहरूंना सुचवलं, की पूर्वेला मॅकमहोन रेषेपासून (म्हणजे आजच्या अरुणाचलच्या उत्तरेला ब्रिटिश काळात आखलेल्या रेषेपासून) आणि पश्चिमेला ज्याचा जिथवर प्रत्यक्ष ताबा आहे तिथून दोघांनी 20-20 किलोमीटर मागे व्हावं. नोव्हेंबर 1962मध्ये एकतर्फी युद्धबंदी जाहीर करताना चीनने याच तारखेच्या रेषेचा हवाला दिला. भारताने तो तेव्हा फेटाळला. करारात हा शब्द स्वीकारला तो थेट 1993मध्ये. तोही रेषा कुठून जाते हे न ठरवता! भारताच्या हिशेबाने ती 3,488 किलोमीटर, चीनच्या हिशेबाने साधारण 2,000. नकाशांची अदलाबदल झाली ती फक्त मधल्या, म्हणजे हिमाचल-उत्तराखंडच्या पट्ट्यापुरती.

म्हणून ‘चिनी सैनिकांनी रेषा ओलांडली’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही अपुरं आहे. कोणाची रेषा? पूर्व लडाखमधल्या पँगाँग सरोवराच्या उत्तर काठावर उतरणाऱ्या डोंगरसोंडांना ‘फिंगर’ म्हणतात. भारताच्या मते रेषा फिंगर 8पाशी आहे, चीनच्या मते बरीच पश्चिमेला. 2021च्या सैन्यमाघारीआधी मधल्या पट्ट्यात दोघांचीही गस्त ‘आपल्याच’ हद्दीत असायची. तिथे ‘भारताच्या मते असलेली रेषा’ असं लिहावं. ‘सीमा ओलांडली’ तर टाळावंच, कारण भारताच्या अधिकृत नकाशात चीनच्या ताब्यातला अक्साई चीन भारतातच आहे. सीमा त्याच्याही पलीकडे.

‘प्रत्यक्ष ताबारेषा’ हा पर्याय उत्तम, मथळ्यात मावणारा. पण ‘प्रत्यक्ष’ तिथेही हवाच, कारण नुसती ‘ताबारेषा’ काही वृत्तपत्रं काश्मीरसाठी वापरतात.