वीज गेली की मेमरी कार्ड का बिघडते?

प्रश्न : द्राक्षबागेतील तापमान, आर्द्रता आणि पानांवरचा ओलावा नोंदवण्यासाठी मी रास्पबेरी पाय ३ हा छोटा संगणक बसवला आहे. दर दहा सेकंदांनी एक नोंद मेमरी कार्डावर लिहिली जाते. शेतावरची वीज दिवसातून चार-पाच वेळा जाते. सहा महिन्यांत तीन कार्डे बिघडली. तिसऱ्या वेळी नोंदींची फाइल सुखरूप होती, पण लिनक्स ही कार्यप्रणालीच सुरू होईना. कार्डावर फाइलींची मांडणी सांभाळणारी एक्स्ट४ फाइल सिस्टीम बदलांचे जर्नल ठेवत असूनही असे का होते? महागडे कार्ड घ्यावे का?
– एक बागायतदार, तासगाव

उत्तर : नोंदींची फाइल शाबूत राहिली आणि जिला कोणी हातही लावला नव्हता ती लिनक्सची फाइल बिघडली, यातच दुखण्याचे मूळ आहे. एक्स्ट४चे जर्नल ही दुकानातली रोजकीर्द समजा : बदल आधी तिथे टिपायचा, मग खतावणीत चढवायचा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी हिशोब जुळवता येतो. नेहमीच्या मांडणीत मात्र ही रोजकीर्द फाइलींच्या हिशोबाचीच असते, आतल्या मजकुराची नसते. शिवाय लिहिलेला मजकूर अर्धा मिनिटभर नुसता रॅममध्येच थांबलेला असू शकतो. तरीही यातून शेवटच्या काही नोंदीच गेल्या असत्या. लिनक्स बंद पडण्याचे कारण कार्डाच्या पोटात आहे.

कार्डातल्या फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही; आधी ती पुसावी लागते आणि पुसणे सुट्या जागेचे न होता कित्येक पट मोठ्या ठोकळ्याचे होते. पाटीवरचा एक शब्द बदलायचा तर बाकीचा मजकूर दुसऱ्या पाटीवर उतरवून घेऊन पहिली पाटी ओल्या फडक्याने पुसावी, तसे कार्डातला छोटा कंट्रोलर सतत करत असतो आणि कोणता मजकूर कोणत्या पाटीवर आहे याची यादीही तोच ठेवतो. या हलवाहलवीत वीज गेली, तर आपल्या चार अक्षरी नोंदीच्या शेजारी योगायोगाने बसलेली प्रणालीची फाइल बिघडते, यादीच बिघडली तर सगळे कार्ड जाते. लिनक्सला यातले काही दिसत नसल्याने जर्नल इथे हतबल ठरते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे : ज्या कार्डावर लिनक्स आहे, त्यावर रोजच्या कामात काहीही लिहिले जाऊ नये. रास्पी-कॉन्फिग या सेटिंग बदलण्याच्या साधनामध्ये ‘परफॉर्मन्स ऑप्शन्स’खाली ओव्हरले फाइल सिस्टीमचा पर्याय आहे. तो सुरू केला की सगळे बदल रॅममध्ये होतात आणि यंत्र पुन्हा सुरू होताच पुसले जातात. त्यानंतर यंत्र सुरू करणाऱ्या फाइली असलेल्या बूट विभागालाही लेखनबंदी करायची का, असे विचारले जाते. तिथे होकार द्यावा. प्रणाली अद्ययावत करताना ओव्हरले तात्पुरता बंद करावा लागतो, एवढीच गैरसोय.

नोंदी वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवाव्यात आणि सुरू होताना कोणत्या ड्राइव्ह जोडायच्या याची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमधल्या तिच्या ओळीत ‘नोफेल’ लिहावे, म्हणजे पेनड्राइव्ह निकामी झाली तरी यंत्र सुरू होताना अडून बसणार नाही. दहा सेकंदांच्या हिशोबाने आपण दिवसाला ८,६४० वेळा लिहिता. त्याच नोंदी रॅममध्ये साठवून तासातून एकदा उतरवल्या तर हे काम २४ वेळांवर येते आणि वीज गेल्यास फार तर तासाभराच्या नोंदी जातात. द्राक्षांवरील डाऊनी रोगाचा अंदाज बांधायला तेवढी तूट चालावी.

इथे एक खोच आहे. पाय ३ला स्वतःचे घड्याळ नाही. बंद होताना तो वेळ कार्डावर टिपून ठेवतो. ओव्हरलेमुळे ती टीपही पुसली जाते आणि इंटरनेट मिळेपर्यंत नोंदींवर जुनीच तारीख पडते. शेतावर नेटवर्कचा भरवसा नसेल, तर नाण्याएवढ्या सेलवर चालणारे डीएस३२३१ हे घड्याळ जोडावे.

महाग कार्डाबद्दल : सीसीटीव्हीसाठी बनवलेली ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्डे झिजायला वेळ लागतो, म्हणून ती जरूर घ्यावीत, परंतु लिहिता लिहिता वीज गेल्यावर तीही सुरक्षित राहतील असे धरून चालू नये. बनावट कार्डे बाजारात पुष्कळ असल्याने नवे कार्ड वापरण्यापूर्वी एफ३ या साधनाने पूर्ण भरून तपासावे. फाइल नुसती वाचल्यावरही वेळ टिपली जाणे बंद करणाऱ्या ‘नोएटाइम’चा सल्ला आपण वाचला असेल; रास्पबेरी पाय ओएसमध्ये तो आधीच लावलेला असतो.

आपण चार्जर कोणता वापरता हे लिहिलेले नाही. पाय ३ला ५.१ व्होल्ट, २.५ अँपियरचा पुरवठा लागतो. मोबाइलच्या बारीक केबलने दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला, तर वीज न जाताही लेखन बिघडू शकते. पडदा जोडल्यास अशा वेळी कोपऱ्यात विजेचे चिन्ह दिसते. पॉवर बँक मध्ये जोडण्याचा विचार असेल, तर चार्जिंग सुरू असतानाच ती पुरवठा देते का आणि मुख्य वीज जाता-येता क्षणभर खंड पाडते का, हे आधी पाहावे. बऱ्याच पॉवर बँका नेमका तिथेच दगा देतात.

सगळी मांडणी झाली की कार्डाची हुबेहूब प्रत दुसऱ्या कार्डावर काढून ती यंत्राच्या पेटीतच ठेवावी आणि पावसाळ्यापूर्वी एका दुपारी दहा-बारा वेळा मुद्दाम प्लग उपटून यंत्र दर वेळी उठते का ते पाहावे.