कोडेक्सला ‘पोथी’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: ‘कोडेक्स सिनाइटिकस’ या बायबलच्या प्राचीन हस्तलिखिताच्या नावाचं मराठी ‘सिनाईची पोथी’ केलं तर चालेल का, आणि तिला बायबलचं ‘मूळ हस्तलिखित’ म्हणता येईल का?

‘पोथी’ ऐकायला छान वाटतं, पण मी वापरणार नाही. पोथीची पानं सुटी असतात. वाचलेलं पान उलटून बाजूला ठेवायचं आणि शेवटी सगळी बासनात बांधायची. कोडेक्सची पानं दुमडून, जुड्या करून पाठीशी शिवलेली असतात. अशा शिवलेल्या हस्तलिखिताला आपल्याकडे ‘बाड’ म्हणतात. रामदासी हस्तलिखितांच्या याद्यांत ‘बाडांक’ सर्रास दिसतो. अर्थाला हाच शब्द चपखल बसतो. पंचाईत एवढीच, की आज बाड म्हटलं की लोकांना बाडबिस्तरा आठवतो!

हा भेद नुसता शब्दांचा कीस नाही. यहुदी शास्त्रग्रंथ गुंडाळ्यांवर लिहिले जात. मृत समुद्राकाठच्या कुमरानला सापडलेली यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथाची गुंडाळी तर चामड्याचे 17 तुकडे जोडून केलेली, सात मीटरांहून लांब आहे. मराठी बायबलात यासाठी ‘ग्रंथपट’ असा सुरेख शब्द आहे. ख्रिस्ती मंडळींनी मात्र बाड फार लवकर आपलंसं केलं. मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयात योहानाच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) एक पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचा, तुकडा आहे, जेमतेम 9 बाय 6 सेंटिमीटरचा. तो सहसा दुसऱ्या शतकातला मानतात. त्याच्या एका बाजूला 18व्या अध्यायातल्या 31 ते 33 या ओव्यांचे, आणि उलट बाजूला 37-38 चे अवशेष आहेत. पान उलटल्यावर मजकूर पुढे चालू राहतो, म्हणजे ही गुंडाळी नव्हे.

‘मूळ’ मात्र साफ खोडा. सिनाईचं बाड चौथ्या शतकातलं, शुभवर्तमानं पहिल्या शतकातली. मधे नकलांवर नकला झालेल्या. खुद्द या बाडातही पुढच्या हातांनी ठिकठिकाणी दुरुस्त्या केल्यात. ‘संपूर्ण नव्या कराराची (बायबलच्या ख्रिस्ती भागाची) उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत’ एवढंच म्हणा. तीही एका जागी नाही: पानं लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाईच्या सेंट कॅथरिन मठात विखुरली आहेत.

लेखात ‘सिनाई कोडेक्स’ लिहा आणि पहिल्या उल्लेखाला ‘चर्मपत्राचं शिवलेलं बाड’ असा खुलासा जोडा. नुसतं ‘हस्तलिखित’ चूक नाही, पण गुंडाळीही हस्तलिखितच असते.