वाचकांचे प्रश्न : डबल पेडल आणि १६० चा अडसर

प्रश्न : मी लग्नसमारंभांत वाजवणाऱ्या बँडमध्ये ड्रमवादक आहे. गेल्या वर्षी मित्रांबरोबर मेटल संगीत वाजवू लागलो आणि डबल पेडल, म्हणजे एकच किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) दोन्ही पायांनी वाजवण्याचे जोडपेडल, घेतले. मात्रेला चार ठोके या हिशेबाने मेट्रोनोम (ठरावीक वेगाने मात्रा देणारे यंत्र) मिनिटाला १४० मात्रांवर असताना वादन स्वच्छ होते. १६० च्या पुढे मात्र डावा पाय मागे पडतो, नडगी भरून येते आणि ठोके लंगडतात. दर आठवड्याला थोडाथोडा वेग वाढवण्याचा सल्ला मिळाला होता, तो पाळूनही तिथेच अडलो आहे. काय करावे?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपण जिथे अडलात तिथे पुष्कळ वादक अडतात, आणि त्याचे कारण पायाच्या ताकदीपेक्षा हालचालीत शोधावे. १४० च्या आसपास बहुतेक जण जांघेपासून अख्खा पाय उचलून खाली सोडतात. त्यामुळे ठोक्याला वजन येते. १६० ला मिनिटाला ६४० ठोके होतात, म्हणजे प्रत्येक पायाच्या वाट्याला सेकंदाला पाचांहून थोडे अधिक, आणि मांडीसारखा जड अवयव इतक्या वेगाने फार वेळ वर-खाली करणे कुणालाही अवघड जाते. त्यापुढचा वेग घोट्यातून येतो. मांडी जवळजवळ स्थिर राहते, टाच फूटबोर्डाच्या, म्हणजे पेडलच्या पाय ठेवण्याच्या पट्टीच्या, किंचित वर असते आणि घोट्याच्या सांध्यातून पंजा अगदी थोडासा खालीवर होतो. हालचाल बदलण्याचा हा वेग माणसागणिक दहा-वीस बीपीएमने (मिनिटाला तितक्या मात्रांनी) पुढेमागे होतो, परंतु दोन्ही हालचाली मुळात निराळ्या आहेत. दर आठवड्याला थोडा वेग वाढवत गेल्याने आपली पहिलीच हालचाल पक्की झाली, दुसरी शिकण्याची वेळच आली नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की संथ वेगाकडून द्रुताकडे जाण्याचा सल्ला अर्धाच खरा आहे. घोट्याची हालचाल ती जिथे सहज चालते त्या वेगालाच शिकावी लागते. मेट्रोनोम १८० किंवा १९० वर ठेवावा, एकाच पायाने एक मात्राभर, म्हणजे दोन ठोके वाजवावेत, दोन-तीन मात्रा पाय सैल सोडावा आणि पुन्हा वाजवावे. सुरुवातीला ठोके दुबळे व अस्पष्ट येतील, त्याची चिंता करू नये. या टप्प्यावर सैलपणा महत्त्वाचा, आवाज नंतर येतो. पाय फूटबोर्डावर थोडा मागे सरकवून पाहावा, कारण पुष्कळांना पेडलची उसळी तिथे अधिक चांगली मिळते. एका मात्रेच्या दोन, दोनाच्या चार अशा लड्या लांबवत न्याव्यात, आणि नडगी आवळू लागली की तिथेच थांबावे, कारण आवळलेल्या पायाने केलेला सराव आवळण्याचाच सराव ठरतो. संथ वादन सोडायचे नाही. ठोके समान अंतरावर व समान जोराने पडतात की नाही हे ८० ते १०० च्या वेगालाच ऐकू येते. वादन मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावे. वाजवताना हातांच्या आवाजात पायांची लंगड झाकली जाते.

डाव्या पायाला दोष देण्यापूर्वी एक चाचणी करावी. स्टूल डावीकडे सरकवून बसावे आणि उजवा पाय डाव्या पेडलवर ठेवून वाजवावे. उजवा पायही तिथे अडखळत असेल तर दोष पेडलचा. डाव्या पेडलची हालचाल जोडदांड्यातून मुख्य पेडलच्या बीटरपर्यंत (ड्रमवर आदळणाऱ्या दांडीपर्यंत) पोचते, सांध्यांतले घर्षण वाढते आणि ते पेडल थोडे जड लागते. त्याची स्प्रिंग स्वतंत्रपणे जुळवून दोन्ही बीटर एकाच अंतरावरून व एकाच ओढीने परततील असे करावे. उजवा पाय तिथे सहज चालला तर मात्र डाव्याला शिकवणे आले. नेहमीच्या गाण्यांतला किक ड्रमचा भाग काही काळ डाव्या पायाने वाजवणे आणि प्रत्येक लडीची सुरुवात डाव्याने करणे हा कंटाळवाणा, परंतु खात्रीचा उपाय आहे.

बसण्याकडे फारच थोडे जण लक्ष देतात. एरवी हाय-हॅटच्या (पायाने उघडझाप करायच्या झांजांच्या जोडीच्या) पेडलवर टेकलेला डावा पाय शरीराला आधार देतो. डबल पेडलवर दोन्ही टाचा अधांतरी असतात आणि सगळा तोल बैठकीवर येतो. स्टूल इतके उंच असावे की मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील. स्टूल खाली असले तर जांघेचे स्नायू आखडतात, आणि पुढे झुकून बसले तर पाय उचलताना कंबर ताणली जाते. पाय थकणे स्वाभाविक आहे, परंतु तीव्र कळ येत असेल किंवा पंजाला मुंग्या येत असतील तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : मडगावात इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. पायाच्या सरावाने खालच्या घरी त्रास होतो. रबरी पॅड घेऊनही तक्रार येते.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : पॅडमुळे हवेतला आवाज कमी होतो, खाली पोचतो तो जमिनीतून जाणारा धक्का. प्लायवूडच्या दोन जाड फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून केलेला चौथरा हा ड्रमवादकांचा जुना उपाय आहे. खालच्या फळीत चेंडू निसटू नयेत इतकी भोके पाडावीत आणि वरच्या फळीवर पॅड, पेडल व स्टूल ही तिन्ही ठेवावीत. धक्का पूर्ण जात नाही, बराच कमी होतो, तेव्हा दुपारच्या झोपेची वेळ टाळण्याचे सौजन्य तरीही पाळावेच लागेल.

प्रश्न : पेडण्यात घर समुद्राजवळ आहे. पावसाळ्यानंतर पेडल जड वाटते.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : खारी, दमट हवा स्प्रिंग, साखळी व बेअरिंगला गंज चढवते. पेडल कोरड्या फडक्याने पुसून बेअरिंग व जोडदांड्याच्या सांध्यांत शिलाई मशीनच्या तेलाचे एकेक थेंब सोडावे आणि जादा तेल टिपून घ्यावे, कारण त्यावर धूळ बसते. गंजलेली स्प्रिंग घासत बसण्यापेक्षा बदलणे स्वस्त पडते. पावसाळ्यात पेडल बंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि चवथीच्या कार्यक्रमांआधी आठवडाभर तरी बाहेर काढून वाजवून पाहावे, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो.