आजीला वाचता येत नाही, तरीही

प्रश्न : मी पिंपरीत चार घरची धुणीभांडी करते आणि माझे यजमान रिक्षा चालवतात. आमची मुलगी सव्वाचार वर्षांची असून अंगणवाडीत जाते. मी सातवी शिकले आहे. परंतु दिवसभर मुलीला सांभाळणाऱ्या माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नाही आणि त्यांची बोली अगदी बीडकडची आहे. शेजारची मुलगी याच वयात शिकवणीला जाते व बाराखडी लिहिते. आमच्या घरात गोष्टीचे एकही पुस्तक नाही. महिना चारशे रुपये भरून आम्हीही शिकवणी लावावी काय?

उत्तर : ताई, शिकवणी लावू नका. सव्वाचार वर्षांच्या मुलीची बोटे अजून पेन्सिल नीट पेलत नाहीत, आणि गिरवून घेतलेली बाराखडी पाहुण्यांना दाखवायला कितीही छान वाटली तरी तिच्यातून वाचनाची गोडी लागतेच असे नाही. या वयात मुलीला लागते ते ऐकणे, बोलणे आणि पुस्तकाशी सलगी. यांतील पहिल्या दोन गोष्टी तुमच्या घरात आधीच आहेत, कारण दिवसभर बोलणारी आजी तिला लाभली आहे.

आजीच्या बोलीविषयी संकोच बाळगू नका. मुलगी ज्या बोलीत विचार करते तिच्यातूनच तिचा शब्दसाठा वाढतो, आणि पुस्तकातील एखादा शब्द वाचताना तो पूर्वी कानावरून गेलेला असला तरच तिला त्याचा अर्थ लागतो. आजीच्या ओव्या, उखाणे, कोडी आणि गावाकडच्या गोष्टी ही तिच्या वाचनाची पूर्वतयारीच आहे. देवनागरीत एकेक अक्षर बहुधा उच्चाराच्या एकेका तुकड्यासाठी येते, त्यामुळे स्वयंपाक करता करताही हा खेळ जमतो : ‘भा-क-री’ म्हणताना तीन टाळ्या, ‘पो-ळी’ म्हणताना दोन; किंवा कांदा, काडेपेटी, कात्री यांच्यासारखी ‘का’ने सुरू होणारी आणखी एक वस्तू घरात शोधून आणायची. यासाठी आजीला अक्षर येण्याची गरज नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे आदिवासी मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली आणि महागड्या साधनांऐवजी खडे, पाने, शिंपले वापरले. तुमची मुलगी जाते त्या अंगणवाडीचे नाव त्याच अंगणांची आठवण देते.

आता पुस्तकाविषयी. चारशे रुपयांत नॅशनल बुक ट्रस्टची किंवा प्रथम बुक्सची मराठी चित्रपुस्तके एकाहून अधिक येतील. तेवढेही जमत नसेल तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात आणि त्या फोनवर उतरवूनही ठेवता येतात. तेथील पहिल्या पातळीच्या गोष्टींत मजकूर अगदी थोडा असतो, त्यामुळे दिवसभराच्या कामानंतर थकलेल्या आईलाही एक गोष्ट सहज वाचून होते. मात्र फोन मुलीच्या हाती सोपवू नका. तो तुमच्या हातात आणि मुलगी तुमच्या मांडीवर असू द्या. ओळीखालून बोट फिरवत वाचा, मध्येच थांबून ‘आता काय होईल?’ असे विचारा, आणि तीच गोष्ट तिने दहाव्यांदा मागितली तरी कंटाळा दाखवू नका. दुसऱ्या दिवशी ती चित्रे पाहून तीच गोष्ट आजीला ‘वाचून’ दाखवील, तेव्हा शब्द चुकले तरी आजीने हुंकार देत राहावे. यजमानांनाही यात वाटा आहे : रिक्षांच्या पाठीवर लिहिलेल्या ओळी, दुकानांच्या पाट्या, भिंतीवरची दिनदर्शिका हे सारे मुलीसोबत वाचण्यासारखेच आहे.

प्रश्न : सोलापुरात विडी कामगारांच्या वस्तीत आम्ही काही मित्र पुस्तकपेटी चालवतो. घरी दिलेली पुस्तके फाटून येतात. शिवाय अनेक घरांत तेलुगू बोलतात, त्यामुळे पालकांना मराठी पुस्तके वाचून दाखवता येत नाहीत. पुस्तके पेटीपाशीच वाचायला लावावीत काय?

उत्तर : नाही, घरी द्याच. कुलूपबंद पेटीतले कोरे करकरीत पुस्तक कोणाच्याच उपयोगाचे नसते. फाटलेली पाने खळ आणि पातळ कागद घेऊन रविवारी मुलांकडूनच चिकटवून घ्या. स्वतः दुरुस्त केलेले पुस्तक मूल जपून हाताळते, असा माझा अनुभव आहे. निम्मी पुस्तके शब्दांविना, निव्वळ चित्रांची असू द्या, म्हणजे विड्या वळता वळता आई तीच गोष्ट तेलुगूत सांगू शकेल; स्टोरीवीव्हरवर तेलुगू गोष्टीही आहेत. नोंदवहीत मात्र पालकांची सही मागू नका, कारण ज्यांना लिहिता येत नाही ते त्या एका सहीपायी पुस्तक नाकारतात. मुलाला पुस्तकातले एक चित्र वहीत काढू द्या. तेवढी नोंद पुरे.