वाचक विचारतात: लेकीच्या हातात सुपरहिरोंची कॉमिक्स

प्रश्न: माझी लेक नववीत आहे, सिनेमे बघून तिला मार्व्हल-डीसीच्या कॉमिक्सचं वेडच लागलंय आणि तिच्या मामाने जुन्या अंकांचा गठ्ठाच आणून दिलाय. मी सहज चाळले तर बायकांच्या अंगावर नुसते पोहायचे कपडे, आणि मारामारी चालू असतानाही उभ्या कशा तर फोटोला पोज दिल्यासारख्या. वाचणं बंद करू का? मुलींनी वाचावं म्हणून या कंपन्या खरंच काही करतात का?
– एक आई, नाशिक

उत्तर: ताई, बंद अजिबात करू नका. पण तुम्हाला जे खटकलं ते अगदी बरोबर खटकलं, आणि ते लेकीशी मोकळेपणाने बोला.

मी एका ड्रेसबद्दलच सांगते, म्हणजे सगळं लक्षात येईल. 1977 साली अमेरिकेत स्त्रीमुक्तीची चळवळ जोरात होती, तेव्हा मार्व्हलने मिस मार्व्हल नावाची कॉमिक्सची मालिका काढली. नायिका कॅरल डॅनव्हर्स, एअर फोर्समध्ये अधिकारी राहिलेली आणि आता एका मासिकाची संपादक, म्हणजे कागदावर किती दमदार बाई बघा. आणि 1978 मध्ये तिला ड्रेस कुठला दिला तर काळा स्विमसूट, मांडीपर्यंत बूट आणि कमरेला लाल शेला! 1979 मध्ये ती मालिका बंद पडली, पण तो ड्रेस मधली काही वर्षं सोडली तर 2012 पर्यंत तिच्या मागे लागलेला होता. 2012 ला केली सू डिकॉनिक लिहायला आली, कॅरल कॅप्टन मार्व्हल झाली आणि तेव्हा कुठे तिला वैमानिकाला शोभेल असा अंगभर सूट मिळाला.

यापुढचं मला सगळ्यात आवडतं. 2014 मध्ये मिस मार्व्हल हे नाव घेतलं कमला खानने, जर्सी सिटीतली 16 वर्षांची पाकिस्तानी-अमेरिकन मुलगी, कॅरलची जबरदस्त फॅन. तिला शक्ती मिळते आणि पहिल्यांदा तिचं रूप आपोआप कॅरलसारखं होतं, सोनेरी केस, गोरा रंग, तोच काळा ड्रेस, आणि मग तिला कळतं की हे बूट पायाला लागतात, कपडा अंगात रुततो, यात धड हलतासुद्धा येत नाही. पुढे ती स्वतःच्या बुर्किनीतून, म्हणजे अंगभर पोहायच्या पोशाखातून, आपला ड्रेस बनवते. इतकी वर्षं त्या ड्रेसकडे बघणारेच बोलत होते, तो घालून कसं वाटतं हे या पोरीने सांगितलं, कारण लिहिणारी जी. विलो विल्सन आणि संपादक सना अमानत या दोघीही बायका, दोघीही मुस्लिम. कमलाच्या मालिकेच्या पहिल्या खंडाला 2015 चं ह्युगो, म्हणजे विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचं मानाचं पारितोषिक, मिळालं.

पण नुसत्या कपड्यांवर जाऊ नका, गोष्टीत बाईचं काय होतं तेही बघा. 1994 च्या एका ग्रीन लँटर्नच्या अंकात हिरोच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलंय, कशासाठी, तर हिरोला राग यावा म्हणून. गेल सिमोन तेव्हा साधी वाचक होती, तिने 1999 मध्ये अशा मारल्या-मोडलेल्या नायिकांची यादीच केली, आणि नंतर तीच वंडर वुमन आणि बॅटगर्ल लिहायला लागली. बॅटगर्ल म्हणजे बार्बरा गॉर्डनचंही तसंच, 1988 च्या द किलिंग जोकमध्ये जोकर तिला गोळी घालतो, पण गोष्ट चालते तिच्या वडिलांची आणि बॅटमनची. ते लेखिका किम येल आणि तिचा लेखक नवरा जॉन ऑस्ट्रँडर यांना सहन झालं नाही, त्यांनी पुढच्याच वर्षी त्या गोळीमुळे व्हीलचेअरवर आलेल्या बार्बराला ऑरॅकल या नव्या नावाने आणलं, कॉम्प्युटरवरून अख्ख्या टीमला माहिती पुरवणारी.

तेव्हा आधी कमला द्या, मग 2014 पासूनची बॅटगर्ल, त्यात तिला लेदर जॅकेट आणि दणकट बूट आहेत. किलिंग जोक मात्र दोनेक वर्षं राहू द्या. आणि मामाच्या गठ्ठ्यातली एखादी पोज निवडून लेकीला म्हणा, अशी उभी राहून दाव बरं! परदेशात चाहत्यांनी 2012 च्या सुमारास हेच केलं, बायकांच्या पोजमध्ये हॉकआय या पुरुष हिरोची चित्रं काढली, आणि ते किती विचित्र दिसतं ते सगळ्यांना लगेच दिसलं.

प्रश्न: बायका हिरो असलेली कॉमिक्स खपत नाहीत म्हणून बंद होतात असं ऐकलं, खरं का?
– कॉलेजची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: अर्धवट खरं. अमेरिकेत सुटे अंक मुख्यतः कॉमिक्सच्या खास दुकानांत जातात, दुकानदार आधीच ऑर्डर देतो आणि उरलेला माल बहुतेक परत करता येत नाही, त्यामुळे नव्या नायिकेवर तो पैसे अडकवायला घाबरतो. त्या दुकानांत मुली फारशा जायच्या नाहीत, त्या सुटे अंक एकत्र करून नंतर निघणारं जाड पुस्तक घ्यायच्या, पण मालिका चालू ठेवायची की नाही हे ठरायचं सुट्या अंकांच्या ऑर्डरवर. म्हणजे मुली वाचत होत्या, त्या मोजल्या जात नव्हत्या, आणि याचा मला अजून राग येतो. तू आवडलेली मालिका विकतच घे, पुस्तक घेतलंस तरी चालेल.