मुंग्यांची ओळ

पोरी,

‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज’ सिनेमा पाहून लिहिलेल्या तुझ्या अकरा कविता रात्री वाचल्या, सोबतची चिठ्ठीही. ‘जपानच्या युद्धावर लिहायचा मला काय हक्क?’ हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं कोण जाणे. सोडून दे. माझी तक्रार वेगळीच आहे. अकराच्या अकरा कवितांत तू चांगली दिसतेस! सिनेमातली चिमुकली सेत्सुको उपाशी, तू रडतेस. तिचा गोड गोळ्यांचा डबा रिकामा, तुझा ऊर भरलेला. आपण चांगले दिसतो ती ओळ कापायची, बाई.

हा सिनेमा जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहातांचा, १९८८चा. ज्या कथेवरून तो केला, ती अकियुकी नोसाका या लेखकानं १९६७ साली लिहिली. जून १९४५मध्ये कोबेवर बॉम्ब पडले, त्यात त्याचं घर गेलं, पुढं धाकटी बहीण भुकेनं गेली. जेमतेम दीड वर्षाची होती. कथेतली सेत्सुको चार वर्षांची आहे आणि तिचा भाऊ तिच्यासाठी चोरी करून मार खातो. नोसाका असा नव्हता. तिच्या वाटचं आपणच खाल्लं, हे त्यानं पुढं उघड सांगितलं.

मग त्यानं कुठं कापली ओळ, असं विचारशील. भाऊ चांगला केला खरा, पण सुरुवातीलाच सान्नोमिया स्टेशनात खांबाला टेकवून मारून टाकला. स्वतःला सोडलं नाही त्यानं.

मी सोडलं. बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची, संध्याकाळी पदरात सुकडी बांधून आणायची. मी नऊ वर्षांचा, बहीण पाचची. ती चिमटी चिमटी खात बसायची. ‘मुंग्या लागल्यात गं, दे, टाकून येतो,’ म्हणायचो आणि गोठ्यामागं उभा राहून बकाबका खायचो. वीस वर्षांनी दिवाळी अंकात कविता छापून आली. तिच्यात मी माझा घास तिला देतो! माणसं डोळे पुसायची. एकदा तिच्याच घरी म्हणून दाखवली. ‘मुंग्यांचं नाही लिहिलंस रे दादा,’ एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

नऊ वर्षांच्या पोराला भूक लागते, हेही खरं. आणि एकदा मुंग्या खरंच लागल्या होत्या. कारणं माझ्याकडं आजही पुष्कळ आहेत. म्हणूनच ओरडतोय तुझ्यावर. कापायची ती ओळ!

सातव्या कवितेत तू एक ओळ खोडली आहेस, पण उजेडासमोर धरली की वाचता येते: ‘सिनेमा संपेपर्यंत आईचे तीन फोन कट केले.’ सगळ्या वहीत मला तेवढीच आवडली. का खोडलीस? बाकीच्या दहा राहू देत बाजूला. आई कशासाठी फोन करत होती, ते लिहून पाठव. आणि हातानं लिही, म्हणजे खोडलेलं मला दिसेल.