काकांकडे उतरण्यापूर्वी

चि. मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

लंडनची परिषद आटोपल्यावर लेस्टरला वडिलांच्या मित्राकडे दोन दिवस राहावे, की सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावे, असे तू विचारले आहेस. राहायलाच जा. मात्र हॉटेलचे पैसे वाचतील हे कारण मनात असेल, तर ते आधी काढून टाक. यजमानांच्या ते लवकरच लक्षात येते. ही मैत्री तुझ्या वडिलांची आहे, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एकाच वाड्यात वाढलेल्या दोन मुलांची. तुला ते काका लहानपणी दोनदा भेटले, एवढीच तुझी शिदोरी आहे. तिच्यावर हक्क सांगता येत नाही, पण भेटीला जाता येते.

पहिले पत्र वडिलांकडून न लिहवता तू स्वतः लिही आणि त्यात येण्याच्या तारखेबरोबर परतण्याची तारीख व गाडीची वेळही कळव. १९९१ मध्ये मी उत्तर लंडनमध्ये एका जुन्या स्नेह्यांकडे ‘तीन-चार दिवस’ म्हणून गेलो आणि नऊ दिवस राहिलो. ते दोघे रोज ‘अजून थांबा’ म्हणत होते आणि मी ते खरे मानत होतो. त्या आठवड्यात काकूंनी दवाखान्यातली रजा काढली होती आणि धाकट्या मुलाला बैठकीत गादी घालून झोपावे लागत होते, हे मला काही वर्षांनी तिसऱ्याच माणसाकडून कळले. त्यांनी मला कधी शब्दानेही दुखवले नाही, म्हणून ते मला आजही टोचते. आपल्याकडे पाहुण्याला ‘केव्हा जाणार’ असे विचारत नाहीत. म्हणून ते पाहुण्यानेच आधी सांगायचे असते.

व्हिसाच्या अर्जात कुठे उतरणार ते लिहावे लागते. तिथे काकांचा पत्ता घालण्यापूर्वी त्यांची परवानगी घे. फोन करताना वेळेचा हिशेब ठेव: हिवाळ्यात आपण साडेपाच तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेचार. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकावरून लेस्टरला जलद गाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो. सकाळच्या गर्दीची वेळ टळल्यावरचे तिकीट बरेच स्वस्त पडते. स्थानकावर घ्यायला या, असे पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाला सुचवूसुद्धा नये. ते आपण होऊन आले तर गोष्ट वेगळी.

आता भेटवस्तू. तुझी आई पेढ्यांचा डबा बांधायला निघेल, तिला थांबव. भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दूध किंवा दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. मांसालाही बंदी आहे आणि आंब्यासारख्या ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. पेढा विमानतळावर टाकावा लागला की वाईट वाटते आणि लपवून नेला तर त्याहून वाईट वेळ येते. लीलो चिवडो, म्हणजे आपला बटाट्याचा ओलसर चिवडा, मात्र घेऊन जा. बडोद्याबाहेर तो त्या चवीचा मिळत नाही आणि सत्तरच्या दशकात इथून गेलेल्या डॉक्टरला त्याचे नुसते नाव पुरते. मात्र काकांच्या पथ्याची चौकशी काकूंकडे आधी कर. या वयात बटाटा, साखर आणि तळण यांवर बंदी असण्याचा संभव असतो.

घरातल्या दोन गोष्टी मला तिथे जाऊनच कळल्या. त्यांच्या न्हाणीघरात बहुधा जमिनीला मोरी नसते. पाणी टबातच राहिले पाहिजे आणि पडदा टबाच्या आत सोडला पाहिजे, नाहीतर ते झिरपून खालच्या खोलीच्या छतावर डाग पडतो. (हा डागही मीच पाडला होता, त्याच नऊ दिवसांत.) दुसरी गोष्ट फोडणीची. थंडीत खिडक्या बंद असतात, म्हणून स्वयंपाकघराचे दार लावून घ्यावे लागते, नाहीतर दारामागच्या कोटांना चार दिवस हिंगाचा वास येतो. तरीही एका संध्याकाळी तू त्यांच्यासाठी पिठले-भात कर. काकूंना त्या दिवशी आयते पान मिळू दे.

त्यांची मुले मराठी समजत असूनही इंग्रजीत उत्तर देतील; त्यांची परीक्षा घेऊ नकोस. नोकरीची किंवा शिफारशीची गोष्ट या भेटीत काढू नकोस. पुढे कधी गरज पडली तर स्वतंत्र पत्र लिहिता येईल. काकांच्या मराठीत गुजराती शब्द येतील आणि गावाचे नाव ते ‘बडोदा’च घेतील, कारण सरकारदरबारी वडोदरा हे नाव १९७४ मध्ये लागले, ते गेल्यानंतर. ‘आता सगळे बदलले आहे’ असे वाक्य टाकून मोकळी होऊ नकोस. काय बदलले ते नीट सांग, आणि त्यांचा वाडा पडला असेल तर ती बातमी त्यांनी विचारल्यावर, बसून सांग.

ते विचारतील, यात मला शंका नाही. १९९१ मध्ये पहिल्याच रात्री जेवताना यजमानांनी मला विचारले, ‘रावपुऱ्याच्या टॉवरचे घड्याळ चालते का रे?’ सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई यांच्या स्मरणार्थ १८९६ मध्ये उभारलेल्या त्या टॉवरखालून मी रोज दोनदा जात होतो, आणि मला उत्तर देता आले नाही. त्यांनी विषय बदलला. मी पुढचे आठ दिवस त्यांना लंडनच्याच गोष्टी सांगत राहिलो, ज्या त्यांना माझ्यापेक्षा चांगल्या ठाऊक होत्या.

म्हणून निघण्याआधी एक सकाळ गावासाठी ठेव. मांडवीपासून चालत नीघ, वाड्याच्या जागी आज काय आहे ते पाहा आणि समोरच्या दुकानदाराशी दोन शब्द बोल. सुरसागराच्या काठावर थोडी थांब. तळ्याच्या मध्यावरची १११ फुटी शिवमूर्ती काकांच्या वेळी नव्हती. कमाटीबागेत त्यांचे कुठले झाड किंवा बाक होते ते वडिलांना विचारून घे. फोटो काढ, पण थोडेच, आणि ते छापून ने, कारण त्या वयाच्या डोळ्यांना फोनवर सरकवत जाणे जड जाते.

येत्या रविवारी मी मोकळा आहे. दुकाने उघडण्यापूर्वी, साडेसातला, टॉवरखाली ये. घड्याळ आपण दोघे मिळून पाहू.

तुझे,
सर